डाव्या हाताचा पेला

सेंट मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवशी व्हिएन्नाकडचं आमचं अख्खं गाव खाटकाकडे हंस घ्यायला रांगेत असतं. माझ्यापुढे ओटोकार होते आणि त्यांच्यापुढे हर्मिनाबाई. दोघं शेजारी, दोघं एकेकटी.

“हंसाबरोबर मी लाल वाइन काढणार, ओटोकार.”

“लाल? अहो, एवढ्या चरबीला आंबटसर पांढरीच हवी. तुमच्याच मळ्यातली, यंदाच्या तोडणीची.”

“ती अजून गढूळ आहे.”

“असू दे की! उद्या पाद्रीबाबा तिला आशीर्वाद देतील, मग झालीच ती वाइन.”

“द्राक्षं तुम्ही तोडलीत म्हणून एवढं कौतुक चाललंय तिचं.”

“कंबर मोडली माझी!”

“आणि वर माझ्या अंगणात ताज्या, आंबत्या रसाचा पेला उजव्या हाताने उचलून ‘तुमच्या आरोग्यासाठी’ म्हणालात. सगळे हसले. आशीर्वादाआधी पेला डाव्या हातात धरायचा आणि नुसतं ‘सावकाश जेवा’ म्हणायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.”

“मलाही कळतं. जन्म गेला इथे.”

“मग चुकलात कसे?”

“तुम्ही माझा हात धरून पेला डाव्या हातात द्यावा म्हणून. आणि दिलातही.”

तेवढ्यात खाटकाने हाक दिली.

“या हर्मिनाबाई! एक लहान हंस तुमचा, एक लहान ओटोकारांचा, बरोबर?”

“नको. दोघांत एकच द्या, मोठा बघून. आणि ओटोकार, उद्यापासून पेला उजव्या हातात धरायचा. लक्षात राहील ना?”

“छे! वय झालं हो. मुळीच राहणार नाही.”