भिंतीतली शेकोटी

अगं, सौंसरच्या नव्या घरात मला भिंतीतली शेकोटी हवी होती. मोबाईलवर बघून बघून डिझाइन ठरवलं. लेक रांगायला लागलेली, म्हणून मिस्त्रींना बजावलं, "आग माझ्या छातीएवढी उंच ठेवा. खाली ओटा नको, ती चढेल."

पहिल्या थंडीत शेकोटी पेटवली. छतावर संत्र्याच्या रंगाचा उजेड हलत होता. मी स्वप्नात असल्यासारखी बघतच राहिले.

खाली सतरंजीवर सासूबाई कुडकुडत म्हणाल्या, "काय वं, भिंतीले शेकून राहिली का?"

लेकीचे पायही गारठले होते. तिला कडेवर घेऊन मी आगीसमोर उभी राहिले. ती हरखली, ज्वाळेकडे झेपावली.

सासूबाई म्हणाल्या, "आता बरोब्बर पुरून राहिला पोरीचा हात!"