चाबी दादाच्या खिशात होती

आमी मूळचे सेलूकडचे. बाप शेतातल्या पंपाच्या मोटारी भरे, म्हंजे जळलेली मोटार खोलून तिच्यात तांब्याची नवी तार गुंडाळे, अन् आमी दोघं भाऊ बाजूले बसून पाहो. दादा माह्याहून अकरा वर्सानं मोठा. त्याले इंजिनाचा नाद लागला, मले वायरचा, अन् बाप गेल्यावर दोघांनी मिळून सिंदी मेघेत ग्यारेज टाकलं, इंजिन त्याचं, वायरिंग माही. लोक चिडवत, मोठा कानानं बिमारी पकडते अन् या सुरेशले टेस्टर लागते. खरंच होतं ते. गाडी गरम होते का पाहाचं असलं तं दादा मीटर पाहेच नाई, इंजिन बंद करे, चाबी काढून सोताच्या खिशात टाके, कोनी चुकून चालू करू नये म्हनून, अन् मंग रेडिएटरच्या नळीले हात लावून सांगे. सारी जिंदगी त्यानं असंच केलं, मलेही असंच शिकवलं.

मंग ह्या ताकद वाढवलेल्या गाड्या येऊ लागल्या. काय सांगू तुमाले, कंपनीनं देल्लं ते त्याईले पुरतच नाई. वर्ध्याचा एक कापडवाला होता, चाळिशीचा मानूस पन शौक पोरायचा, त्यानं डिझेल गाडीचा टर्बो मोठा करून आनला अन् मे महिन्यात गाडी उकळाले लागली. पट्ट्यावरचा पंखा काढा म्हने, बिजलीचे दोन लावून द्या. दादा म्हने काऊन, पट्ट्याचा पंखा इंजिनासंग फिरते, इंजिनासंग थांबते, इमानदार हाये तो. म्या म्हनलं दादा, तुले नवीन काई पटतच नाई. त्यावरून आमचं वाजलं, दोन दिवस बोलनं बंद, डबेही येगयेगळे खाल्ले.

पंखे म्या नागपूरच्या भंगारातून आनले, एका मोठ्या गाडीचे, पाती हातानं फिरवून, बेरिंग वाजते का आयकून. रेडिएटर मापलं, इंजिनाच्या बाजूनं हवा ओढनारे बसवले. असा पंखा सुरू होताना करंट भलताच ओढते, म्हनून दोघाईले येगळी रिले, जाड वायर, फ्यूज बॅटरीच्या जवळच. जागा कमी होती म्हनून पात्यात हात जाऊ नये अशी जाळी नाई लावली. अन् अशी गाडी थांबवली का आतली गरमी अजून वर चढते, म्हनून पंखे चाबीवर नाई ठेवले, सीधे बॅटरीवर घेतले. रेडिएटरमधला स्विच तापला का पंखा आपोआप सुरू, चाबी असो का नसो. वायरिंग बरोबरच होती, आजही कोनी पाह्यली तं नाव नाई ठेवनार. पन दादाले हे सांगाचं होतं. एक वाक्य होतं. म्या म्हनलं, आधी त्यानं बोलावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादा मुकाट्यानं उठला, गाडी पवनारपर्यंत फिरवून आनली. मले वाटलं राग गेला. इंजिन बंद केलं, चाबी खिशात, बोनट उघडलं, अन् नळीकडे हात घातला. पंखे बंदच होते. तेवढ्यात स्विच तापला. मी तीन पावलावर होतो. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात पट्टी झाल्यावर दादा म्हने, काऊन फिरला रे तो, चाबी तं माह्या खिशात होती. वहिनी बाजूले रडून राह्यलती, तिनं ते आयकलंच नाई. म्या म्हनलं, तू झोप आता. दुसऱ्या दिवशी वहिनीनं रक्ताचे कपडे धुवाले काढले तं खिशात चाबी निंगाली, कोनाची हाये म्हने, म्या घेतली अन् कापडवाल्याले देऊन देल्ली, कोनाले बोल्लो नाई. संध्याकाळी दादाच म्हने, सुरेश, म्या इंजिन बंदच केलं नसन, वय झालं रे माह्यं, चाबी काढली असं नुसतं वाटलं. अन् म्या हो म्हनलं. तुमाले खरं सांगतो, हो म्हनलं अन् मले बरं वाटलं. त्या बरं वाटन्याची लाज जात नाई. पुढच्या हप्त्यात त्या गाडीले जाळी लावली. जागा निंगाली.

आता दादा दुकानात खुर्चीवर बसते. पाना पकडता येत नाई, ते तं आहेच, पन त्याचा सोतावरचा भरोसाच गेला. गॅस बंद केला का म्हनून वहिनीले दोनदा इचारते. ती त्याले गाडी चालवू देत नाई, म्हने याईचं डोकं आता पह्यल्यावानी नाई राह्यलं. डोकं त्याचं माह्याहून चांगलं हाये. कोनी गिऱ्हाईक आलं का दादा हात दाखवते अन् हसून सांगते, इंजिन बंद केलं का नीट पाह्यजो बापा, माह्यावानी विसरू नको. मी तिथंच वायर सोलत उभा राह्यतो.

किती खेपा सांगाले गेलतो, त्याच्यासमोर बसलो का गाडीचंच काईबाई बोलून उठतो. तुमाले सांगतलं ते काई मन हलकं कराले नाई. नाव बदलू नका, माह्यं बी नाई अन् गावाचं बी नाई. दादा छापलेलं सारं वाचते, किराण्याच्या पुडीचा कागद सोडत नाई. तं छापून आलं का पह्यलं त्याच्या हातात देजा. मी दुकानातच राहीन, कुठं जानार नाई.