एकाच बाकावर

मार्सली : चर्चचे ज्येष्ठ आयव्हर एवढ्या चिखलातून आले, अन् तू भिंतीकडे तोंड करून झोपलास!

टॉर्किल : झोपलो नव्हतो. खोकला दाबत होतो. काय म्हणाले?

मार्सली : उद्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला मी बाकावरून उठून पुढे यावं म्हणाले. मंडळीतल्या कुणाचीच हरकत नाही.

टॉर्किल : मग?

मार्सली : मी म्हटलं, बटाटे सोलायचेत. उद्या स्टॉर्नोवेचे पाहुणे जेवायला आहेत, अन् रविवार देवाचा, सुरीला हात लावायचा नाही, म्हणून आजच.

टॉर्किल : देवाच्या मेजावरचं बोलावणं आलं, अन् तू बटाटे सांगितलेस?

मार्सली : दुसरं काय सांगू? कुणाला तारायचं ते देवानं जग घडवायच्या आधीच ठरवलंय. त्यात मी आहे, हे मला कुठं ठाऊक? खात्री नसताना ती भाकर तोंडात घालायची म्हणजे निखारा गिळणं.

टॉर्किल : तू आहेस त्यात.

मार्सली : तुला येऊन कानात सांगितलं वाटतं!

टॉर्किल : आपला अ‍ॅलन बुडाला, त्या रविवारीसुद्धा स्तोत्र म्हणताना तुझा आवाज अडला नाही. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हाच कळलं, हिला निवडलंय, मला वगळलंय.

मार्सली : म्हणून तू कधी गेला नाहीस?

टॉर्किल : मी कशाला जातोय! पण तू का उठत नाहीस, ते कळेना. दरसाल मी पाय आत ओढून बसायचो, तुला बाकातून निघायला वाट हवी म्हणून.

मार्सली : अरे देवा! मला वाटायचं, तू उठायलाच पाय आवरतोयस.

टॉर्किल : मी?

मार्सली : मग कोण? लेकरू गेलं, तरी तू देवाला एका शब्दानं बोल लावला नाहीस. मी मनातून त्याला शिव्या घालत होते. गाणं थांबवलं असतं, तर किंचाळले असते. असं शांत राहणं निवडलेल्यालाच जमतं, असं वाटलं मला.

टॉर्किल : शांत कसला! तोंड उघडायची भीती वाटत होती.

मार्सली : तू पुढे गेलास तर मी बाकावर एकटी राहीन, म्हणून जीव मुठीत धरून बसायचे. तू उठला नाहीस की हायसं वाटायचं. लाज वाटते सांगायला.

टॉर्किल : मलाही वाटायचं. हायसं.

(खोकल्याची उबळ. ती त्याला उठवून बसवते, पाठीशी उशी लावते.)

टॉर्किल : एकदा विचारायचं तरी होतंस.

मार्सली : अन् तू?

टॉर्किल : उद्या जा तू.

मार्सली : तूही चल. आयव्हरना गाडी घेऊन यायला सांगते.

टॉर्किल : दारापर्यंत जाववत नाही मला, मार्सली.

मार्सली : अन् मी निवडलेली असले, तू नसलास, तर? घशाखाली उतरेल मला ती भाकर?

टॉर्किल : ते त्याचं त्याला ठाऊक. आपण दोघांनी त्याचा विचार करण्यात सगळा जन्म घालवला. जा. फक्त तिथून थेट घरी ये. वाटेत कुणाशी बोलत थांबू नकोस.