रॅकूनने झाडलेली गोळी

ऑर्व्हल : खरं कारण सांगितलं ना, तर या अख्ख्या ओझार्कच्या डोंगरात एक माणूस विश्वास ठेवणार नाही. म्हणून गप्प होतो.

वेन्डल : तुझ्यावर विश्वास ठेवणारा शेवटचा माणूस मी हे दुकान उघडलं त्या वर्षीच वारला. तरी सांग. जुनं पिस्तूल माझ्या गल्ल्यावरून विकायचं, तर आधीच्या मालकाने घेणाऱ्याच्या तोंडावर आपलं मत सांगायचं. बरं सांगायचं, वाईटही सांगायचं. इथली रीत आहे ती, आज तुझ्यासाठी बदलणार नाही.

मार्लिस : आणि मी काही अवघड विचारत नाहीये, ऑर्व्हलकाका. आल्यापासून तुमचं नुसतं कौतुक चाललंय. बाहेर घोडा नाही, सगळं आतल्या आत, म्हणून कोटात अडकत नाही. चाप मऊ. झाडल्यावर मनगटाला झटका नाही. एवढी गुणाची वस्तू, मग विकताय कशाला?

ऑर्व्हल : तू शाळेची बस चालवतेस की वकिली करतेस गं?

मार्लिस : बस चालवायची म्हणजे दोन्ही करावं लागतं. मागच्या बाकावर च्युइंगम कोणी चिकटवलं, हे मी रोज शोधून काढते. हे बघा, मी नदीच्या वळणावर एकटी राहते. शेजारी हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर कोणी नाही. हातात घेतल्यावर ऐन वेळी रुसून बसणारं पिस्तूल मला नको.

ऑर्व्हल : रुसत नाही. किती वाजले, वेन्डल?

वेन्डल : पुन्हा विचारलंस. डेल्फा चर्चमध्ये गोधडी शिवायला बसली की जेवणाच्या वेळेपर्यंत उठत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मार्लिस : म्हणजे काकूंना सांगितलेलं नाही तुम्ही.

ऑर्व्हल : पिस्तूल माझं आहे. तिला कळलं की ती विकू द्यायची नाही, आणि मला ते आज घरी परत न्यायचं नाही. एवढंच. आता कागद कर, वेन्डल.

वेन्डल : मत.

मार्लिस : आधी मला हे सांगा, मुठीच्या पाठीवर ही कळ कसली?

वेन्डल : तीच तर याची खासियत. मूठ पूर्ण आवळली, तळहात असा मागून घट्ट बसला, की ही कळ आत जाते. तेव्हाच चाप हलतो. सैल धरलंस तर कितीही ओढ, गोळी सुटणार नाही. यावरून आपल्या गावात दोन तट आहेत. बर्निस न्हावीण म्हणते, ही कळ आहे म्हणून मी ते पर्समध्ये टाकून बिनघोर फिरते. आपला पाद्री म्हणतो, देवाने माणसाला अंगठा दिला तेव्हा शंका घेतली नाही, मग कारखानदाराने का घ्यावी? आणि मधमाश्यावाला हर्शेल. त्याने ती कळ चिकटपट्टीने दाबून बांधून टाकली.

मार्लिस : मग?

वेन्डल : मग काही नाही. मी त्याला गोळ्या विकत नाही.

मार्लिस : आणि तुमचं मत, काका?

ऑर्व्हल : माझं मत असं की ही कळ माणूस ओळखते. ऐकायचंच आहे ना? बसा मग. अंगणातली गोष्ट. संध्याकाळची वेळ, मी मागच्या ओसरीवर खुर्चीत. बुटाजवळ काहीतरी सळसळलं म्हणून खाली पाहिलं, तर कॉपरहेड, विषारी जात. साप कसला, नांगराचा दोर. या डोंगरातला सगळ्यात म्हातारा. माझ्या वडिलांनी घर बांधताना त्याला बघून पाया दहा हात अलीकडे घेतला होता.

वेन्डल : मागच्या वेळी तो साप तुझ्या आजोबांनी मारला होता.

ऑर्व्हल : तो याचा भाऊ. मध्ये बोलू नकोस. पिस्तूल कठड्यावर होतं, उचललं, नेम धरला, चाप ओढला. काही नाही. चाप दगडासारखा. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. साप मान वर करून माझ्याकडे बघतोय, जसं काही म्हणतोय, आजोबा, होऊ द्या सावकाश.

वेन्डल : मूठ आवळली नसशील.

ऑर्व्हल : मी? याच हाताने मी लाथाड्या खेचराचा जबडा उघडून पाहिलाय. अंबाडीच्या दोराच्या गाठी सोडल्यात. मूठ आवळली नसशील म्हणे.

मार्लिस : मग साप?

ऑर्व्हल : साप सरकला पुढे. आणि तेवढ्यात रॅकून आला.

वेन्डल : आला का. मी त्याचीच वाट बघत होतो.

ऑर्व्हल : हसू नकोस. आमच्या पर्सिमनच्या झाडावर राहतो, चांगला गुबगुबीत, डोळ्यांवर चोरासारखा काळा पट्टा. ओसरीवर आला आणि माझ्या हातातून पिस्तूल घेतलं. हिसकावलं नाही हं. अलगद घेतलं. दोन्ही हातांनी धरलं, अंगठे एकावर एक, आणि मूठ अशी गच्च आवळली की कळ आत गेल्याचं मला खुर्चीतून दिसलं. एकच गोळी. सापाचं डोकं गेलं, शेपूट मात्र रविवारपर्यंत वळवळत होतं.

मार्लिस : रॅकूनचा हात चमच्याएवढाही नसतो, काका.

ऑर्व्हल : पण पकड असते. कचऱ्याच्या डब्याचं झाकण तू दगड ठेवून बंद करतेस ना? सकाळी उघडं असतं ना? मग. आणि पुढचं ऐक. त्याने मॅगझिन काढलं, नळीतली गोळी काढली, आत बोट घालून पाहिलं, आणि तोंड लाकडांच्या ढिगाकडे करून पिस्तूल कठड्यावर ठेवलं.

वेन्डल : माझी निम्मी गिऱ्हाइकं एवढं करत नाहीत.

मार्लिस : आणि तुम्ही काय करत होता?

ऑर्व्हल : बसलो होतो. त्याने मला प्यायला पाणी आणून दिलं.

वेन्डल : रॅकूनने.

ऑर्व्हल : पाण्याचं त्याला वेडच असतं. खाणंसुद्धा बुचकळून खातो. कोणालाही विचार.

मार्लिस : कशातून आणलं?

ऑर्व्हल : पत्र्याच्या मगातून. मग माझा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्याचं मूळ दाबून बघितलं. इथे. बराच वेळ दाबत बसला.

मार्लिस : दुखतं का तिथे?

ऑर्व्हल : दुखायला काय झालंय. त्याने दाबलं म्हणून सांगतोय.

मार्लिस : काही म्हणाला?

ऑर्व्हल : रॅकून बोलतात होय? मोठी बाई आहेस, काहीतरी विचारू नकोस. नुसता बघत होता माझ्याकडे. तेच वाईट, मार्लिस. दोन शब्द सुनावले असते तर मीही दोन सुनावले असते, विषय मिटला असता.

वेन्डल : आणि मग गेला झाडावर.

ऑर्व्हल : झाडावर कसा जाईल? आत गेला. शेगडीवर ग्रेव्ही होती, खाली लागायला आली होती.

वेन्डल : म्हणजे चाटून पुसून साफ केली असणार.

ऑर्व्हल : चाटतो कशाला. आच कमी केली आणि ढवळली.

(मार्लिस नळी रिकामी असल्याचं स्वतः बघते, विटांच्या भिंतीकडे रोखून मूठ आवळते, चाप ओढते : टक्. मग अंगठा सैल सोडून पुन्हा ओढते. चाप हलत नाही.)

ऑर्व्हल : बघितलंस? गच्च धरलं की चालतं. तुझा हात तरणा आहे, तुला आयुष्यभर पुरेल. खोट नाही त्याच्यात. फक्त माझ्या घरात नको. येता-जाता दिसतं, आणि ओसरीवर बसवत नाही. एवढंच माझं मत. काढ कागद, वेन्डल, बारा व्हायला आले असतील.

वेन्डल : मार्लिस? मत ऐकलंस. बोल, करू का कागद?

मार्लिस : नका करू, वेन्डलदादा. अजून मत अर्धंच झालंय.

ऑर्व्हल : अर्धं कसं? सगळं सांगितलं की. सापापासून शेपटीपर्यंत.

मार्लिस : तुमचं सांगून झालं, काका. पण ग्रेव्ही ढवळणारा रॅकून मी अजून पाहिलेला नाही. गोळी डेल्फाकाकूंनी झाडली. त्या चर्चमधून आल्या की त्यांना घेऊन या. पिस्तूल त्यांना कसं वाटलं, ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय.