विटेला बांधलेली तार

बायको : ती पक्कड आधी खाली ठेवा.

नवरा : पक्कड हातात आहे म्हणजे तार कापलीच, असं होत नाही.

बायको : मग गच्चीवर काय अक्रोड फोडायला आणलीत?

नवरा : हे बघ, काल सोसायटीच्या सभेत ठरलंय. तुझ्या रेडिओची ही तार आज उतरवायची. अध्यक्ष मी, आणि तार अध्यक्षाच्याच बायकोची. लोक माझ्याकडे कसे बघत होते, ते तुला नाही कळायचं.

बायको : कळतं की. तुम्ही हात वर केलात तेव्हा मीही तुमच्याकडेच बघत होते.

नवरा : तो मी पंखा कमी करा म्हणून वर केला होता. त्यांनी मतात मोजला.

बायको : आणि तुम्ही मोजू दिलात.

नवरा : हात एकदा वर गेला की खाली घेताना बरं दिसत नाही. शू, डॉक्टर येतायत वर. तक्रार त्यांचीच आहे, जरा सबुरीनं घे.

डॉक्टर : नमस्कार वहिनी. राग मानू नका हं. तुमच्या छंदाचं मला खरंच कौतुक आहे. ह्या वयात परीक्षा दिलीत, परवाना काढलात, घरबसल्या जगभरच्या माणसांशी बोलता. किती छान. पण काय आहे...

बायको : दात काढण्याआधी पण असंच गोड बोलता का हो तुम्ही?

डॉक्टर : सवय आहे. आधी सुन्न करायचं.

बायको : झाले सुन्न. आता काढा. काय काय होतंय ते एकदा सगळं सांगा. इथेच, तारेखाली उभं राहून.

डॉक्टर : ही तार चढली त्या दिवसापासून माझं डोकं ठणकतंय. इथे, उजव्या कानशिलात. दिवेलागणीला सुरू होतं ते जेवणापर्यंत. आमच्या हिच्या मालिकेत ऐन भांडणाच्या वेळी पडद्यावर मुंग्या येतात. तळमजल्यावरच्या मास्तरांची बेल कुणी न दाबता वाजते. ते दार उघडतात, तर बाहेर कुणीच नाही. मग भेटेल त्याला धरून मृत्यूविषयी बोलत बसतात.

नवरा : ते बेल नसतानाही बोलायचे.

डॉक्टर : आणि रखवालदाराची कोंबडी अंडी देईनाशी झालीये.

बायको : अगबाई. ती पण आली होती का सभेला?

नवरा : तिच्या वतीनं रखवालदार होता.

बायको : आणि काल, डॉक्टर? काल संध्याकाळी कसं होतं डोकं?

डॉक्टर : काल तर कहर. खोटं कशाला सांगू, हातातली सांडशी सुटली असती.

बायको : बरं. आता दाढेतली कीड शोधता ना, तशी बारीक नजर ह्या तारेवर ठेवा. आणि तिच्यामागून चालू लागा. ही निघाली काठीवरून... हं... कठड्यावरून... पुढे?

डॉक्टर : पाण्याच्या टाकीमागे गेली.

बायको : तुम्हीही जा.

डॉक्टर : शेवाळ आहे हो इथे.

नवरा : भिंत धरा, डॉक्टर. पाय मोडला तर तोही तारेच्या नावावर जायचा.

बायको : काय दिसतंय?

डॉक्टर : वीट आहे.

बायको : आणि?

डॉक्टर : विटेला तार बांधलीये. गाठ मारून.

बायको : विटेच्या पुढे?

डॉक्टर : पुढे एक कुंडी. रोप वाळलंय तिच्यातलं. बाकी काही नाही.

बायको : म्हणजे ही तार माझ्या सेटला कधी लागलीच नाही, कालसुद्धा. मग तुमचं डोकं कोण दुखवतंय? वीट?

डॉक्टर : वहिनी, ही चेष्टा झाली.

बायको : झालीच. आमच्या रेडिओवाल्यांत ही जुनी खोड आहे. नवी तार चढवायची, जोडायची मात्र नाही. तक्रारी काय यायच्यात त्या येऊन जाऊ द्यायच्या. गोवर कसा, एकदा अंगभर फुलून गेला की पुन्हा फिरकत नाही. मग सावकाश जोडायची.

डॉक्टर : पण मुंग्या येतात, त्या तर खऱ्या आहेत. बेल खरी आहे.

बायको : खरी आहे ना. खालच्या मजल्यावरचा तुमचा दवाखाना कधी भरतो?

डॉक्टर : संध्याकाळी.

बायको : दाढ कोरायचं तुमचं ते मशीन, मोटर कधीची आहे त्याची?

डॉक्टर : वडिलांच्या वेळची. चांगली चालते.

बायको : चालते, पण ठिणग्या टाकत चालते. आतले कार्बन झिजलेत तिचे. तुम्ही पेडल दाबलंत की माझ्या सेटवर असा घर्रर्र आवाज उठतो, जणू कुणी माझ्याच कानात कोरतंय. कुठल्या दाढेला किती वेळ लागला, ते मी वरच्या मजल्यावरून सांगेन. परवा एक दाढ फार चिवट निघाली, हो ना?

डॉक्टर : निघाली. मुळं वाकडी होती.

बायको : तुमच्या हिच्या पडद्यावर मुंग्या सोडता त्या तुम्हीच. मास्तरांना दारात बोलावता तेही तुम्हीच. आणि संध्याकाळभर लोकांच्या तोंडात वाकून बसल्यावर कानशील ठणकेल नाहीतर काय गाणं म्हणेल?

नवरा : आणि कोंबडी?

बायको : कोंबडी म्हातारी झालीये. तिला विश्रांती द्या.

डॉक्टर : थांबा, थांबा. ही तार विटेला. मग इतके दिवस तुम्ही बोलता कशावरून?

नवरा : हो, हे मलाही जाणून घ्यायचंय. रोज संध्याकाळी खोलीत बसून दादा दादा करत असतेस, ते काय भिंतीशी?

बायको : तुमचे पांढरे डगले कुठे वाळत घालता, डॉक्टर?

डॉक्टर : गॅलरीत. तुमच्या आमच्या गॅलरीमधल्या तारेवर. तुम्हीच तर बांधून दिलीत ती, गेल्या वर्षी. म्हटलं होतं मी हिला, किती प्रेमळ बाई आहेत.

बायको : तीच.

डॉक्टर : तीच म्हणजे?

बायको : तीच माझी एरियल. घाबरू नका, वरून प्लॅस्टिकचं आवरण आहे आणि माझा सेट झिरोच्या बल्बाएवढाच जोर लावतो. वर्षभर तुमचे डगले माझ्या गप्पांवर वाळतायत. फक्त ते ओले असले की माझा आवाज दबतो. तुमच्याकडे धुणं निघालं की तिकडे दादा म्हणतो, आज विहिरीतून बोलतेस का.

डॉक्टर : हे दादा कोण?

नवरा : हिचा थोरला भाऊ. दूरच्या गावी असतो. उभं आयुष्य लोकांच्या घरांवर चढून एरियल बांधल्या, आणि पडला तो न्हाणीघरात. तेव्हापासून अंथरुणाला खिळलाय.

डॉक्टर : अरेरे. पण मग फोन आहे की, वहिनी. हल्ली चेहरासुद्धा दिसतो.

बायको : चेहरा दिसतो म्हणूनच तो फोन घेत नाही. घेतलाच तर ‘बरा आहे’ म्हणतो आणि ठेवून देतो. रेडिओवर तो आजारी नसतो. तिथे तो ऐटीत असतो, दर्यावरचा कोण, डोंगरावरचा कोण, सगळे त्याला ओळखतात, आणि तो आडवा पडून बोलतोय हे कुणाच्या गावीही नसतं. मला तर दटावतो अजून. आवाज कसा पोचला त्याला आम्ही पाचापैकी गुण देतो. मला त्यानं दोनाच्या वर कधी दिले नाहीत.

नवरा : आणि ओव्हर. ते सांग.

बायको : आपलं बोलून झालं की ‘ओव्हर’ म्हणायचं, म्हणजे पलीकडच्यानं सुरू करायचं. दादाला त्याची इतकी शिस्त की सुनेला भात वाढ म्हणतो तेही ओव्हर लावून. मी विसरले की उत्तरच देत नाही.

डॉक्टर : कडक आहेत.

बायको : लहानपणी आमच्या दोन खोल्यांत एक भिंत होती. आई झोपली की तो तिकडून चमच्यानं टकटक करायचा, मी इकडून. टिंब आणि रेघ, ही तारेची भाषा तिथेच शिकवली त्यानं मला. आता त्याचे कान जायला लागलेत, डॉक्टर. दोनाचा दीड झाला, परवा एक दिला. गॅलरीतली तार बुटकी आहे, तिच्यावरून आता नाही पोचत मी. म्हणून ही उंच तार. ही उतरवलीत तर थोड्या दिवसांनी तो तिकडे बोलत राहील, मी इकडे बोलत राहीन, आणि मध्ये नुसतीच ती भिंत.

डॉक्टर : अध्यक्षसाहेब, ती पक्कड ठेवा खाली.

नवरा : का म्हणून?

डॉक्टर : मी तक्रार मागे घेतो. मास्तरांना मी समजावतो.

नवरा : आणि पक्कड ठेवली तर तार सोलू कशानं, दातांनी? वीट मी परवाच पाहिली, टाकी धुतली तेव्हा. म्हटलं, सभा होऊ दे, सगळ्यांचा गोवर एकदम निघून जाऊ दे. जोडायलाच आलो होतो मी. तुम्ही मध्ये आलात.

बायको : आणि मला इतका वेळ बोलू दिलंत?

नवरा : विटेचं मला न सांगता तू माझा हात मोजू दिलास, त्याची फेड.

(त्याच दिवशी, दिवेलागणीला. सेटच्या खोलीत तिघं.)

नवरा : टाकीपासून खिडकीपर्यंत घट्ट बसवलीये. वीट मात्र मी जपून ठेवणार. पुढच्या सभेला लागेल.

डॉक्टर : मशीन बंद करून आलो. खुर्चीत एक बाई आहेत, त्यांना म्हटलं, आलोच.

बायको : सुन्न करून आलात ना?

डॉक्टर : दोन्ही बाजूंनी. डगलेही काढून घेतले, म्हटलं उगाच कशाला.

नवरा : आणि डोकं?

डॉक्टर : कसलं डोकं?

बायको : आता दोघंही गप्प बसा. दादा... दादा, मी बोलतेय. आज आवाज कसा पोचतोय? पाचापैकी किती देतोस? ओव्हर.

डॉक्टर : काहीच येत नाही हो.

बायको : येईल. बटण दाबायला वेळ लागतो त्याला.

नवरा : पुन्हा हाक मार.

बायको : दादा, मी बोलतेय. ओव्हर.

दादा : अगं, तू? आलीस कधी? मला कुणी सांगितलं कसं नाही... पलीकडच्या खोलीत काय बसून राहिलीस, वेडे. दार लोटलेलं नाही. ये ना आत.

डॉक्टर : वहिनी, बोला ना. वाट बघतायत ते.

नवरा : थांबा, डॉक्टर. तो ओव्हर म्हणाला नाही.