नळी कुठे ठेवायची

आमच्याकडे मासेमारीचा परवानाही ऑर्विलच्या बंदुकीच्या दुकानातच मिळतो; तो काढायला मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी डार्ला होती.

“ऑर्विल, ती सुटी होणारी रायफल दाखवा ना. नळी काढून दस्त्याच्या पोटात ठेवतात ती.”

“पहिलीच बंदूक ना तुझी? मग ही नको. ही होडीत टाकून ठेवायची, रानात अडकलो तर ससा मारायला.”

“मला घरात ठेवायला हवी.”

“अगं, तू ती जोडेपर्यंत चोर कॉफी करून पिऊन जाईल!”

“किती वेळ लागतो?”

“सराव असला तर मिनिटभर.”

“आणि नळी घरातच नसली तर?”

“म्हणजे?”

“शेजारी चोरी झाल्यापासून माझ्या नवऱ्याने, ग्लेनने, धोशा लावलाय, घरात बंदूक हवी. त्याचा भाऊ गेल्यापासून तो जेवत नाही, झोपत नाही. बंदूक कशाला हवीय ते मला कळत नाही का?”

“मग आणूच नकोस, डार्ला.”

“मी नाही आणली तर तो आणेल. अख्खी आणेल.”

“त्याच्या भावाचं कळलं मला. फार वाईट झालं.”

“त्याने स्वतःवर झाडली ती बंदूक इथलीच होती, ऑर्विल.”

“मग हीच ने, पण नळी माझ्या तिजोरीत राहू दे. ग्लेनने विचारलं तर सांग, दुरुस्तीला दिलीय.”

“आणि तोच इथे आला तर?”

“माझ्याकडून त्याला काही मिळणार नाही. शब्द देतो.”

“गावात अशी दुकानं किती आहेत?”

“माझं धरून चार.”