झोपलेल्या बियांची वकिली

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या बीजपेढीच्या बाई, त्यांचे यजमान, आणि चहा समोर असूनही भाषण ऐकणाऱ्या श्रोतेहो,

मी वार्ताहर. शिक्षण संस्कृतचे, त्यामुळे लोकांनी मृत ठरवलेल्या गोष्टींबद्दल जिव्हाळा जरा जास्तच. त्याच ओढीने बाईंच्या खोलीत जाऊ लागलो. तिथे एका बाटलीत एका रानफुलाचे शेवटचे मूठभर बी होते. ते जिथे उगवायचे ती टेकडी रस्त्यासाठी कापली गेली. बी ओल्या कागदावर ठेवले तरी रुजेना. कार्यालयाचा शेरा आला : मृत, टाकून द्यावे.

"मेलंय कुठं? झोपलंय," बाई म्हणाल्या.

"ओळखायचं कसं?"

"मेलेलं मऊ पडतं, बुरशी धरतं. हे बघा, कसं टणक आहे."

मग आतली भानगड कळली. बियात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक असते. ते म्हणते, पडून राहा. दुसरे जिबरेलिन, ते म्हणते, ऊठ. शिवाय वाढ रोखून धरणारी काही प्रथिने पहाऱ्यावर असतात. जिबरेलिन पुरेसे झाले की पेशी आपल्याच पहारेकऱ्यांना मोडीत काढते.

"अगदी आमच्या संपादक मंडळासारखं," मी म्हणालो.

"तुमच्याकडे कुणी मोडीत निघतं का?" बाईंनी विचारले.

त्यांच्या सहकाऱ्यांना धीर धरवेना. अर्ध्या बियांना त्यांनी जिबरेलिन सढळ हाताने पाजले. रोपे भराभर आली, दोऱ्यासारखी लांबली आणि आडवी झाली.

"उठवलंत खरं," बाई म्हणाल्या, "आता उभं कोण करणार?"

उरलेले बी त्यांनी ओल्या वाळूत घालून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. यजमान म्हणाले, "दुधाशेजारी वाळू कशाला?"

"बियांना वाटू दे, थंडी येऊन गेली."

गारव्यात पहिल्या संप्रेरकाचा जोर ओसरतो आणि दुसऱ्याचे म्हणणे कानावर पडू लागते. दोन-तीन रुजली. कुंडीत आहेत, अजून कळी नाही. बाकीची गप्पच. त्यांना का उठवत नाही, असे मी विचारले.

"सगळी एकदम उठली आणि पाणीच मिळालं नाही तर? मागे कुणीतरी राहायला हवं."

बाई उद्यापासून येणार नाहीत, आणि तो शेरा अजून कायम आहे. अध्यक्ष महोदय, त्यावर सही आपली. गप्प राहिलेले बी ठेवणार ना?

आपण मान हलवलीत. ती होकाराची होती असे उद्याच्या अंकात छापतो. तसे नसेल तर आत्ताच, सर्वांसमक्ष सांगावे.

कुणी काही बोलत नाही. मग बाई, निर्धास्त निघा.

आपण ऐकून घेतलेत, ऋणी आहे. पाहुण्याने घरच्या कारभारात तोंड घातले, तेवढे पोटात घाला.